फुंकर मारायची न्हाई

खोली बघायला गेलो तेव्हा सरांनी मला पगार विचारला नाही की लग्नाचं विचारलं नाही. त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, अंगठा धरून चारी बाजूंनी वाकवून बघितला आणि म्हणाले, "मोबाइल ह्याच हातानं बघताव का?"

"हो."

"तरीच." बैल पसंत न पडलेल्या गिऱ्हाइकासारखं त्यांनी माझा हात मला परत दिला. "नजर कशी हाय?"

चष्मा कपाळावर सरकवून मी म्हणालो, "चांगली आहे."

ते थोडा वेळ माझ्या कपाळाकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "घ्या वरची खोली. पाणी सकाळी येतंय. एक ध्यानात ठेवा, खाली पुढच्या खोलीत एक वस्तू हाय. तिला हात लावायचा न्हाई. अन् लावलाच, तर फुंकर मारायची न्हाई."

मला वाटलं, देवापुढचा अखंड दिवा वगैरे असणार. म्हातारी माणसं, सांभाळत असतील. मी भक्तिभावानं मान हलवली.

तेव्हा मी बिदरच्या एका पॉलिटेक्निकात कम्प्युटर शिकवायला नुकताच लागलो होतो. सर हायस्कूलचे निवृत्त पीटी मास्तर. कमठाणा, मन्नाएखेळ्ळी, मादन हिप्परगा अशा बदल्या घेत घेत बिदर अन् कलबुर्गी दोन्ही जिल्ह्यांतली निम्मी पोरं त्यांनी ग्राउंडवर पळवलेली होती. वय सत्तरीच्या पुढं, पण अंगात कायम पांढरी पँट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. दूधवाला उशिरा आला तर शिट्टी. गल्लीत कुणी उलट्या बाजूनं गाडी घातली तर शिट्टी. मी जिना उतरताना दोन पायऱ्या एकदम उतरलो तर खालून शिट्टी. पहिल्या आठवड्यात मी तीनदा जिन्यातच 'सावधान' उभा राहिलो.

वस्तू दिसली ती दुसऱ्या दिवशी. पुढच्या खोलीत स्टुलावर जुना डब्याचा टीव्ही, एकवीस इंची, मागचं झाकण काढून ठेवलेलं. आतून गरम हवा निघावी म्हणून त्याची पाठ कायम उघडी. त्याच्यापुढं व्हिडिओ गेमचा डबा, पांढऱ्याचा पिवळा पडलेला, त्याचे वायरवाले दोन रिमोट, आणि शेजारी कॅसेटींची चळत. आपल्या लहानपणी होत्या तशा जाड्या प्लास्टिकच्या कॅसेटी. एकीवर लिहिलं होतं 'पंच्याहत्तर गेम', त्यातले खरे गेम सात, बाकी तेच परत वेगळ्या नावानं. भिंतीवर खडूनं लिहिलेला काळा फळा: कॅसेटमध्ये फुंकर मारायची न्हाई. हरलं की रिमोटला दोष द्यायचा न्हाई. बघणाऱ्यानं बोलायचं न्हाई.

"फुंकर का नाही?" मी विचारलं. "आम्ही तर सगळे फुंकरच मारायचो."

"म्हणून तुमच्या सगळ्यांच्या कॅसेटी मेल्या," सर म्हणाले. "फुंकरेत थुका जातो. थुक्यानं आतले पितळी दात गंजत्यात." त्यांनी खिशातून शाळेचं खोडरबर काढलं, कॅसेटीचे दात हलक्या हातानं घासले, मग स्पिरिटचा कापूस फिरवला, मग वाळायला दोन मिनिटं उन्हात धरली. एखाद्या बाळाला न्हाऊ घालावं तसं. घरात फ्रिज होता, त्याला इन्व्हर्टर नव्हता. इन्व्हर्टर फक्त टीव्हीला आणि गेमला. त्या गेममध्ये काहीच जपून राहत नाही, वीज गेली की केलं ते सगळं पुसलं जातं. दूध नासलं तर परत आणता येतं, असं सरांचं म्हणणं.

आता मी कम्प्युटरचा मास्तर. तोंड गप्प बसेना. मी म्हणालो, "सर, हा उड्या मारत पळायचा गेम आहे ना? हा मी आळंदला लहानपणी पूर्ण मारलाय."

हे खोटं होतं. पूर्ण मारला होता माझ्या मावसभावानं. मी शेजारी बसून त्याच्या फुटाण्यांचा डबा धरला होता. पण तीस वर्षांत ती आठवण माझ्या नकळत माझ्या नावावर चढली होती.

सरांनी मुकाट्यानं रिमोट माझ्या हातात दिला. "बसा. टीव्हीपासून तीन फरश्या मागं."

मी बसलो. मांडी घालून बसताना गुडघा वाजला, तो फळ्यावरच्या नियमात बसत नसल्यामुळं सरांनी सोडून दिला. गेम सुरू झाला. तेच टिंगटिंग संगीत, तोच निळा आभाळाचा तुकडा. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतो, एवढ्यात पहिला खड्डा आला आणि मी त्यात गेलो.

पाठीमागून आवाज आला, "मेला!"

वळून बघितलं. कोपऱ्यातल्या पलंगावर उशीला टेकून एक बाई बसल्या होत्या. मोठं कुंकू, पांढरे केस, उजवा हात पोटाशी घेतलेला. त्या तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. सरांच्या बायको. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो.

मी दुसरा जीव घेऊन निघालो. खड्डा पार केला, पुढच्या कासवासारख्या प्राण्याला धडकलो. "मेला!" तिसरा जीव. पहिल्याच खड्ड्यात परत. "मेला!" सगळा कार्यक्रम तीन मिनिटांत आटोपला, आणि पडद्यावर गेम पहिल्यापासून सुरू झाला. जणू मी नव्हतोच.

मोबाइलवरच्या एका गेममध्ये मी चारशेव्या पायरीच्या पुढं गेलेलो माणूस. पण फोनमधले गेम आपल्याला जावयासारखं सांभाळतात, हे मला तेव्हा कळलं. पडलास? ऊठ बाबा. मेलास? एक जाहिरात बघ, परत जिवंत हो. वाट चुकलास? हा घे बाण. इथं तसं काही नाही. तीन जीव. ते संपले की पहिल्यापासून, आणि त्याची कुणाला खंत नाही.

लाज झाकायला मी म्हणालो, "आयुष्याचंही असंच असतं, नाही का सर?"

शिट्टी वाजली. "खेळ हाय. कीर्तन करायचं असलं तर मठात जावा."

सरांची ही एक खोडच होती. कुणी कशातूनही बोध काढला की त्यांना राग यायचा. एकदा त्यांच्या निरोप समारंभात कुणी पाहुणे 'जीवनाच्या मैदानावर' असं काही बोलायला लागले, तर सत्कारमूर्तीनंच स्टेजवर शिट्टी मारली होती, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात.

मला आपलं वाटत होतं, हा सगळा संसार सरांच्या हौसेचा आहे. रोज साडेचार वाजता ते शिट्टी मारून टीव्ही लावायचे आणि मी वर पेपर तपासत बसलेला असताना खालून ते टिंगटिंग ऐकू यायचं. गेम लांबच लांब चालायचा, मधे न थांबता. मनात म्हणायचो, सत्तरीतला माणूस, पण काय खेळतोय! आपल्याला तीन मिनिटं जमत नाही.

एक दिवस साडेचारला खाली गेलो तेव्हा कळलं. खेळत होत्या अक्का.

तीन वर्षांपूर्वी अक्कांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू आला, भिंत धरून चालायच्या. बोलणं मात्र पाच-सहा शब्दांवर थांबलं: न्हाई, व्हय, पाणी, नको, अहो, आणि मेला. हाताला व्यायाम सांगितला होता. रबरी बॉल दाबायचा. अक्कांनी तो पहिल्याच दिवशी डाव्या हातानं खिडकीतून गल्लीत फेकला. सरांनी परत आणला, त्यांनी परत फेकला. ज्या माणसापुढं दोन जिल्ह्यांची पोरं थरथर कापली, तो रोज गल्लीत वाकून बॉल शोधायचा.

मग सरांना माळ्यावरचा गेमचा डबा आठवला. तो मूळ त्यांच्या मुलीसाठी आणलेला, उन्हाळ्याच्या सुट्टीत. मुलीचं मन आठ दिवसांत उडालं आणि अक्कांचं बसलं. भाकरी झाल्या की बाई टीव्हीपुढं. पुढं मुलगी हैदराबादला नांदायला गेली, डबा माळ्यावर गेला. तो सरांनी खाली काढला, चार महिने खपून चालू केला, आणि अक्कांचा निर्जीव अंगठा उचलून स्वतःच्या हातानं बटणावर ठेवला.

"पहिल्या दिवशी काहीच न्हाई हललं," सर मला सांगत होते. "दुसऱ्या दिवशी बी न्हाई. अकराव्या दिवशी त्या पडद्यावरच्या माणसानं एक उडी मारली. म्या मागं वळून बघितलो, कुणी खोलीत आलंय का म्हणून. कुणी न्हवतं. तिनंच मारली होती."

हे ऐकून माझ्या मनात जे आलं ते भल्या माणसाच्याच मनात येतं आणि त्यानंच सगळा घोटाळा होतो. मला वाटलं, आपण ह्यांना मदत केली पाहिजे.

माझ्याकडं वरच्या खोलीत नवा टीव्ही होता, भिंतीएवढा, चपटा. अक्का एवढ्या धूसर, मुंग्या आलेल्या पडद्याकडं डोळे ताणून बघतात, त्यांना हा द्यावा. सर एका लग्नाला हुमनाबादला गेले होते. आल्यावर चकित होतील असा माझा बेत. मी टीव्ही खाली आणला. अक्का पलंगावरून बघत होत्या.

"नको," त्या म्हणाल्या.

त्यांच्याजवळ मोजून सहा शब्द होते, त्यातला एक त्यांनी माझ्यासाठी खर्च केला. मी म्हणालो, "अक्का, बघा तर खरं किती मोठं दिसतंय."

नव्याला जागा करायला जुना टीव्ही स्टुलासकट मागं सरकवला. भिंतीला टेकेपर्यंत. त्याची पाठ उघडी होती हे मला माहीत होतं. पिक्चर ट्यूबच्या शेवटाला काचेची बारीक मान असते, हेही मला माहीत होतं; पोरांना शिकवताना मी ती फळ्यावर काढून दाखवलेली आहे. बारीक 'टिक' असा आवाज झाला आणि मग टीव्हीनंच एक लांब फुंकर मारली. फुस्स. आतल्या पोकळीत हवा शिरल्याचा तो आवाज. तीस वर्षं टिकलेली ट्यूब मी एका ढकलण्यात संपवली.

तरी माझी हिंमत बघा. मी मनाशी म्हणालो, हरकत नाही, नवा आहे ना. जोडला. चित्र मोठं आलं, स्वच्छ आलं. सरांसारखाच मी अक्कांचा अंगठा बटणावर ठेवला. अक्कांनी बटण दाबलं. पडद्यावरचा माणूस खड्ड्याच्या काठावर आला, खड्ड्यात गेला आणि मग त्यानं उडी मारली.

नवे टीव्ही आलेलं चित्र आधी घोटून-घासून सुबक करतात आणि मग दाखवतात. सिनेमाला ते चालतं. जुन्या गेमला एवढा थांबा परवडत नाही. सेकंदाचा लहानसा तुकडाच, पण त्या तुकड्यातच खड्डा असतो. मी सेटिंगमध्ये शिरून नाना खटपटी केल्या. अक्का नऊ वेळा मेल्या. एकदाही 'मेला' म्हणाल्या नाहीत. दहाव्या वेळी त्यांनी रिमोट मांडीवरून खाली सरकवला आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

सर संध्याकाळी आले. त्यांनी स्टूल बघितलं, ट्यूबची मान बघितली, मग पलंगाकडं बघितलं. मी शिट्टीची वाट बघत उभा होतो. शिट्टी वाजली नाही. पिशवीतून लग्नातली बुंदी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले.

"उद्या काय करायलास?"

"कॉलेज आहे."

"रजा टाक."

आमची शोधमोहीम सुरू झाली. बिदरात एक म्हातारे मेकॅनिक होते, सरांचा टीव्ही तेच वर्षानुवर्षं बघायचे. त्यांनी ट्यूबकडं नजर टाकली आणि चष्मा काढला. "सर, ये मर गया. गर्दन टूटी सो है. नई ट्यूब अब किदर भी नै मिलती." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ये किसने करा?"

"कम्प्युटरचे प्रोफेसर हाईत," सर म्हणाले. मेकॅनिकनं समजल्यासारखी मान हलवली.

त्यांनी सांगितलेल्या भंगारवाल्याकडं गेलो, तर तिथं तांब्यासाठी फोडलेल्या ट्यूबांचा ढीग. कमठाण्याला एका घरी टीव्ही आहे असं कळलं. होता. आतलं सगळं काढून त्यात कोंबडी अंड्यांवर बसवली होती. सरांनी चौकटीवर टिचकी मारली तर कोंबडी पडद्यातून बाहेर बघावं तशी आमच्याकडं बघायला लागली. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर पंक्चरच्या दुकानात एक सेट चालू निघाला, पण त्याचं सगळं चित्र मधोमध एका आडव्या रेषेत गोळा झालेलं. दुकानदार म्हणाला, "आवाज येतो की सर, बातम्या ऐकतो मी."

दिवस जात होते. साडेचार वाजले की घरात काहीच व्हायचं नाही. सर कॅसेटी काढून पुसायचे आणि परत ठेवायचे. अक्कांचा हात पुन्हा पोटाशी मुडपत चालला होता. एकदा मी पाणी द्यायला गेलो तेव्हा त्यांचा अंगठा तळव्यात बंद झालेला दिसला, आणि बोटं सोडवायला सर बाजूला बसून होते. एकेक बोट. मी तांब्या ठेवून जिना चढलो.

बाराव्या दिवशी मादन हिप्परग्याहून निरोप आला. सरांच्या तिथल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं टीव्ही आहे, चालू आहे. माझ्या जुन्या गाडीतून आम्ही सकाळीच निघालो. रस्ताभर सर एवढंच बोलले: "हा पोरगा सातवी-आठवीला होता. चेहरा आठवंना."

'पोरगा' आता पन्नाशीचा, तुरीचा व्यापारी, पोट सुटलेला, गावात मोठं घर आणि मागं गोडाऊन. "बर्री सर, बर्री! या, या!" करत त्यानं पाया पडून आत नेलं. टीव्ही आतल्या खोलीत होता, वर विणलेलं कापड. सरांनी लावून बघितला. मुंग्या आल्या, मग रंग आले. सर त्या मुंग्यांकडं असे बघत राहिले की मी तोंड दुसरीकडं केलं.

"घेऊन जावा सर. पैशाचं नाव काढू नका," व्यापारी म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. "पण एक हाय. तुम्ही मला पायमोजे न्हाईत म्हणून ग्राउंडला दहा चकरा मारायला लावला होता. ध्यानात हाय का? आज तुम्ही आमच्या गोडाऊनला पाच मारा, टीव्ही तुमचा!" तो मोठ्यानं हसला. त्याची बायको दारातून हसली. मीही हसलो.

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणत्या बाजूनं?"

"काय सर?"

"गोडाऊनला कोणत्या बाजूनं पळू?"

ते बाहेर गेले, वाकून बुटाच्या नाड्या घट्ट केल्या, शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली आणि पळायला लागले. सत्तरीचा माणूस, दुपारचं ऊन, पत्र्याचं भलंमोठं गोडाऊन. पहिल्या वळणाला ते दिसेनासे झाले तेव्हा व्यापाऱ्याचं हसू उतरलं.

"अहो सर! मजाक केलो सर! थांबा!" म्हणत तो पोट सांभाळत त्यांच्यामागं धावला.

आता माझं. चूक माझी होती, मान मी मोडली होती, त्यामुळं पळायला मीच पाहिजे होतं, हे मला पहिली चक्कर संपल्यावर सुचलं. मीही निघालो. दीड चक्कर झाली आणि बरगडीत असं काही दुखायला लागलं की मी तुरीच्या पोत्यांना धरून खाली बसलो. पुढं दोनदा सर माझ्यासमोरून गेले. बुटांचा आवाज एकसारखा. मागं व्यापारी, रडवेला. "सर, पाया पडतो, थांबा." सर एवढंच म्हणाले, "बोलू नको. दम लागतो."

पाच झाल्या तेव्हा ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. चेहरा लालभडक. व्यापारी जमिनीवरच बसला. धापा टाकत म्हणाला, "कामून ओ सर असं? म्या हसायलो होतो."

सरांना दम मिळायला वेळ लागला. मग म्हणाले, "तुझ्या घरी पायमोजे कामून न्हवते, ते मला दोन वर्सांनी कळलं. तवर तू शाळा सोडून गेला होतास."

व्यापाऱ्याची बायको पाणी घेऊन आली होती, ती तांब्या तसाच धरून उभी राहिली. थोड्या वेळानं तो उठला, आत गेला आणि टीव्ही एकट्यानं उचलून गाडीत आणून ठेवला. मागच्या सीटवर, मऊ रजईत गुंडाळून. परत येताना सर पुढं बसले नाहीत. टीव्हीशेजारी बसले, त्याला हात लावून. मी गाडी इतकी हळू चालवली की आळंदजवळ एका ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं.

टीव्ही लागला, पण पहिले पंधरा दिवस अक्का पहिला खड्डाही ओलांडू शकल्या नाहीत. अंगठा विसरला होता. त्या मला दोष देत नव्हत्या, ते सगळ्यात वाईट. मी रोज कॉलेजातून आलो की तीन फरश्या मागं बसायचो. फळ्याच्या नियमाप्रमाणं बोलायचो नाही. सर म्हणायचे, "परत." अक्का परत मरायच्या. "परत." सोळाव्या की सतराव्या दिवशी खड्डा पार झाला, आणि मी नियम मोडून ओरडलो. शिट्टी वाजली. अक्कांनी माझ्याकडं बघून मान हलवली. ती माफी होती की 'काय हा वेडा' अशी होती, मला आजही सांगता येणार नाही.

पुढं माझी कलबुर्गीला बदली झाली. जाताना सरांनी परत एकदा माझा अंगठा वाकवून बघितला. "जरा सुधारलाय," म्हणाले.

गेल्या पावसाळ्यानंतर कामानिमित्त बिदरला गेलो तेव्हा दुपारी त्यांच्या घरी डोकावलो. आतून टिंगटिंग येत होतं आणि त्याबरोबर कुणाचं तरी बोलणं. मला वाटलं, मुलगी आली असेल. आत जाऊन बघतो तर खोलीत दोघंच. अक्कांच्या हातात एक रिमोट, दुसरा सरांच्या हातात. दोन खेळाडूंचा डाव. त्यात दोघंही एकाच पडद्यावर पळतात. एक मागं राहिला तर दुसऱ्याला पुढं जाता येत नाही.

खेळायला म्हणून सरांच्या हातात रिमोट मी कधीच बघितला नव्हता. अक्कांचा अंगठा त्यावर ठेवून द्यायचा, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. एरवी म्हणायचे, "मी रेफरी हाव." आता ते रिमोट नांगरासारखा दोन्ही हातांनी धरून, जीभ दातांत घेऊन बसले होते, आणि त्यांचा माणूस एका भिंतीवर डोकं आपटत उभा होता.

"अहो," अक्का म्हणाल्या, "उडी मारा म्हणलं तर उभं कामून राहिलाव?" मग दम घेऊन, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा, "मला... मागं... वडायलाव तुम्ही!"

मी दारातच उभा राहिलो. सहा शब्दांची बाई. मी मोजायला लागलो आणि मोजणं चुकलं.

सरांनी उडी मारली. चुकीच्या वेळी. दोघंही मेले. अक्कांनी कपाळावर हात मारला, उजवा हात, आणि मला बघून सरांकडं बोट दाखवत म्हणाल्या, "बघ. पीटी मास्तर! दोन म्हैने झाले शिकवायले. काय सुदीक येत न्हाई."

चहा झाला. निघताना सर फाटकापर्यंत आले. मी हळूच विचारलं, "सर, तुम्ही मुद्दाम हरायलाव ना? अक्कांनी बोलावं म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता शिट्टी वाजणार. मग त्यांचे खांदे उतरले. "न्हाई बाबा. खरंच जमंना मला. लई घासून बघितलो."

आतून हाका सुरू झाल्या होत्या. डाव लावून ठेवलाय, कुठं गेलाव, पावण्याला सोडायला एवढा वेळ लागतो का, चहाचे कप तसेच हाईत, अशी मध्येच अडखळत, परत पकड घेत चाललेली तक्रार.

"सर, बोलावतायत," मी म्हणालो.

"ऐकू यायलंय," सर म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. फाटकाची कडी धरून, मान जरा आतल्या बाजूला कलती करून उभे होते. "बोलू दे की जरा."